‘राजीनामा लिहून द्या’ म्हणाले तर आधी हे वाचा

आजारपणामुळं काम सुटलं, सरकारकडनं काय मिळतं का, अशी पत्रं मागच्या अंकानंतर भरपूर आली. त्यातली चार घेतलीत, नावं काढलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला, ११ वर्षं झाली, वय ४६. चार महिन्यांपूर्वी घरातच लकवा मारला, उजवा हात पाय गेला, बोलणं पण अडखळतंय. पगार हातात १५-१६ हजार यायचा. आता कंपनीतनं माणूस टाइप केलेला राजीनामाच घेऊन आलता, यावर अंगठा द्या म्हणजे फंड लगेच निघंल म्हणाला. तिकडं तहसीलला गेले तर म्हणाले अपंगाचं सर्टिफिकेट आणा मग पेन्शन बघू. आधी काय करू? — एक भगिनी, शिरोली

उत्तर : वहिनी, अंगठा देऊ नका. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही त्या कागदाचा फोटो पाठवलाय त्यात ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे’ असं लिहिलंय. लकव्याचा एक शब्द नाही त्यात. हा कागद एकदा गेला की उद्या तुम्ही कुठंही सांगायला गेलात की आजारानं काम सुटलं, तर समोरचा तोच कागद दाखवणार.

आता पगाराची स्लिप काढा आणि बघा त्यात ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलंय का. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांचं कापलं जातं, कामगाराचे पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के, त्यामुळं तुमचं बहुतेक असणारच. लोकांना वाटतं ईएसआय म्हणजे फुकटची औषधं, पण त्यात आजारपणाचा भत्ता पण आहे, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवस, अट एवढीच की त्याच्या हिशोबाच्या सहामाहीत ७८ दिवस तरी वर्गणी भरलेली पाहिजे. आणि ९१ दिवसांत माणूस उठला नाही तर पुढं वाढीव भत्ता असतो, तो ठरावीक ३४ मोठ्या आजारांना मिळतो, त्यात अर्धांगवायू आहे. तो ८० टक्के दरानं मिळतो आणि जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत वाढतो. त्याला नोकरी सलग २ वर्षं झालेली लागते आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी, तुमच्या मालकांची ११ वर्षं झालीत म्हणजे अडचण नाही. चार महिने गेलेत, आणखी घालवू नका, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा, तिथल्या सर्टिफिकेटवरच भत्ता निघतो, खासगी दवाखान्याची चिठ्ठी नुसती नेऊन भागत नाही. हे सगळं नाव हजेरीपटावर आहे तोवर सरळ होतं. म्हणून राजीनाम्याची घाई कंपनीला असेल, तुम्हाला नको.

दुसरं फंडाचं, म्हणजे पीएफचं. फंडाबरोबर पेन्शनचे पण पैसे कापले जातात, ती १९९५ ची पेन्शन योजना. सगळे म्हणतात ५८ झाल्यावर मिळते, खरंय, पण नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्ण निकामी झाला तर ५८ ची वाट बघावी लागत नाही आणि १० वर्षांची अट पण नाही, एक महिन्याची वर्गणी पुरते. दुखणं कामावर झालं का घरी हे पण त्यात बघत नाहीत. बघतात काय तर आजार झाला तेव्हा जे काम तो करू शकत होता ते आता कायमचं जमणार नाही हे, आणि ते मेडिकल बोर्ड ठरवतं. फॉर्म १०-डी भरायचा. हिशोब साधारण असा, १५ हजार गुणिले ११ वर्षं भागिले ७०, म्हणजे महिना २,३५० च्या आसपास. लई नाही, पण जन्मभराचं आहे आणि त्यांच्या माघारी तुम्हाला पण सुरू राहतं. पुढं नोकरी सोडायचीच झाली तर पत्रात कारण म्हणून आजार लिहा, तारखेसकट.

आता तहसीलचं. संजय गांधी निराधार योजनेत आजारी माणसासाठी दोन गट आहेत आणि काउंटरवर बऱ्याचदा एकच सांगतात. एक दिव्यांगांचा, त्याला ४० टक्के किंवा जास्तीचं सर्टिफिकेट लागतं, घरचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत, आणि ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. दुसरा दुर्धर आजाराचा, त्यात क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग असे आजार येतात ज्यामुळं माणूस पोट भरू शकत नाही, त्याला उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आणि पैसे १,५००. लकवा दोन्हीत बसतो. तुम्ही दिव्यांगांच्या गटातनं जा.

पण लगेच नाही. ईएसआयचा भत्ता चालू झाला की घरात महिन्याला ११-१२ हजार येणार, मग ५० हजारांचा दाखला कुठला निघणार? (५० हजार म्हणजे महिना चार हजार दोनशे पण नाहीत. एवढ्यात कोल्हापुरात खोलीचं भाडं तरी निघतं का, आणि दुसऱ्या गटाचे २१ हजार म्हणजे महिना १,७५०. हे आकडे कुणी ठरवले आणि ते कुठं राहतात देव जाणे.) खोटा दाखला काढू नका, पुढं वसुली निघते. तर क्रम असा लावा, आधी ईएसआय, मग पेन्शन योजना, आणि ईएसआय संपलं की संजय गांधी. तोवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सर्टिफिकेट आणि ओळखपत्राचा, अर्ज मात्र आत्ताच स्वावलंबन पोर्टलवर टाका आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख घ्या. लकव्यात सुधारायला वाव असतो म्हणून पहिल्यांदा मुदतीचं सर्टिफिकेट देतात, त्यानं घाबरू नका, मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाला टाका एवढंच. आणि तपासणीला मालकांना जसे आहेत तसे न्या, काठी लागत असेल तर काठी घेऊन, धरावं लागत असेल तर धरून. आपल्याकडं डॉक्टरसमोर जरा बरं चालून दाखवायची सवय असते बघा.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, वडापची प्रवासी गाडी चालवत होतो, वय ३८. दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. दिव्यांग सर्टिफिकेटला गेलो तर तुम्ही अपंग नाही म्हणून परत पाठवलं. मग मी कोण? — एक वाचक

उत्तर : दादा, राग बरोबर आहे पण परत पाठवणाऱ्यानं नियमाप्रमाणंच केलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहे, किडनी निकामी होणं नाही. कर्करोग पण नाही. माणूस डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी पण अंथरुणातनं उठत नाही हे त्या यादीला दिसत नाही, मला विचाराल तर हे चुकीचंय.

तुम्हाला संजय गांधीतला दुर्धर आजाराचा गट. तिथं आजारांची नावं दिल्यावर ‘यांसारखे’ आजार असं धरलंय, म्हणून तुमचं नाव नाही एवढ्यावर अर्ज अडवला तर तोंडी ऐकून परत फिरू नका. सरकारी दवाखान्यातनं दाखला घेताना नुसतं आजाराचं नाव नको, ‘यामुळे चरितार्थ चालवू शकत नाही’ हे वाक्य पण त्यात येऊ द्या. अर्ज टाका, आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या, नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या म्हणून सांगा. लेखी मागितलं की बरेचदा सूर बदलतो.

अजून एक, किडनी शुगरनं गेली असेल तर डोळे तपासून घ्या. शुगरनं पडद्यावर परिणाम होऊन नजर कमी झाली असेल किंवा पाय काढावा लागला असेल तर त्याचे टक्के वेगळे धरतात, आणि ते ४० च्या वर गेले तर तुम्ही दिव्यांगांच्या गटात जाता. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो, तो खिशातनं करत असाल तर आधी तो थांबवा. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, ती डेपोत विचारून घ्या.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ, २९ वर्षं, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू हाईत आठ वर्षं. गावात सगळे म्हणतात धडधाकट तर आहे, कामाला लावा. त्याला काय मिळेल का? — एक वाचक, हुपरी

उत्तर : मिळेल. मानसिक आजार त्या २१ प्रकारांत आहे. त्याचे टक्के हातपाय बघून काढत नाहीत, सरकारी मानसोपचारतज्ज्ञ चार गोष्टी विचारतात, स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला गुण असतात, आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे, सगळे मिळून ७ किंवा जास्त झाले की ४० टक्क्यांच्या वर जातो.

म्हणून भावाला एकट्याला पाठवू नका. तो आत जाऊन ‘मी बरा आहे’ म्हणणार, आणि गोळी लागू पडलेल्या दिवशी तो खरंच बरा दिसतो. तुम्ही किंवा आईनं जायचं आणि रोजचं सांगायचं. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, चांदीच्या कारखान्यात बसवला होता तो किती दिवस टिकला आणि का उठून आला, दुधाला पाठवला तर पैसे आणि दूध दोन्ही घेऊन घरी येतो का, रात्री झोपतो का. एका कागदावर लिहून न्या, ऐनवेळी आठवत नाही. आठ वर्षांच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तेवढ्या सगळ्या न्या, फाटक्या असल्या तरी. सर्टिफिकेट आलं की उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधीला टाका. बँक खातं त्याच्याच नावावर आणि आधारला जोडलेलं लागतं, पैसे आता थेट खात्यावर येतात आणि आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असेल तर ते तिकडं जातात आणि आपण इकडं पासबुक भरत बसतो.

गावाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. सर्टिफिकेट हातात आलं की ग्रामसेवकाला जाऊन विचारा, यंदाचे कुठं खर्च केले. धडधाकट म्हणणारे पण तिथंच बसलेले असतील.

प्रश्न : मला पोलिओ आहे, ५० टक्के. लाडकी बहीणचे १,५०० येतात. दिव्यांगाचे पण घेता येतील का? आणि आम्ही कर्नाटकातल्या निपाणीकडनं कागलला येऊन ९ वर्षं झाली, त्यानं काय फरक पडतो का? — एक भगिनी, कागल

उत्तर : दोन्ही नाही घेता येत ताई. दुसऱ्या सरकारी योजनेतनं १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बसत नाही. एरवी मी म्हणाले असते २,५०० वालं घ्या, पण तुमचं दुसरंच आडवं येतंय, संजय गांधीला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमचं माहेर किंवा जन्म महाराष्ट्रातला असेल, मधली काही वर्षं इकडं शाळा झाली असेल तर ते पुरावे धरून १५ भरतात का बघा, शाळेचा दाखला काढा. नाही भरली तर आहे ते सोडू नका. भरली तरी मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत लाडकी बहीण बंद करायचा अर्ज देऊ नका. यूडीआयडी कार्ड मात्र देशभर चालतं, कर्नाटकात काढलेलं असेल तर नवीन काढायला कुणाला पैसे देऊ नका, त्यावरचा पत्ता तेवढा बदलून घ्या.