रस्त्याकडेची ती छोटी कलिंगडं कसली?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं जैसलमेरला गेलेलो, तिथनं तनोटला जाताना रस्त्याच्या कडेला वाळूत वेल पसरलेले दिसले आणि त्यावर क्रिकेटच्या बॉलएवढी हिरवी, पिवळसर पट्ट्यांची फळं. गाडी थांबवून फोटो काढले, एक फळ घेऊन आलो. बायको म्हणते रानटी कलिंगड, मित्र म्हणतो पन्हाळ्याकडं दिसतं ते कवंडळ. नेमकं काय हे? खाल्लं तर चालतंय का? बिया परड्यात लावाव्या म्हणतो.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, सगळ्यात आधी, फळ खाऊ नका, जिभेला लावूनसुद्धा बघू नका. हे कडू वृंदावन, म्हणजे इंद्रायण, तिकडं याला तुंबा म्हणतात.

पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं, कारण नुसत्या फळावर गेलं की माणूस फसतो. तुमच्या फोटोतलं पान खोल खोल कापलेलं आहे, अगदी कलिंगडाच्या पानासारखं, फक्त लहान आणि खरखरीत. वहिनींचा अंदाज म्हणूनच जवळचा आहे, दोन्ही सिट्रुलस या एकाच प्रजातीतली (जीनस). पण कलिंगडाचा वेल एका हंगामात संपतो आणि तुंब्याचं मूळ जाड, खोल गेलेलं असतं, वरचा वेल वाळला तरी ते पुन्हा फुटतं. आणि रस्त्याच्या कडेलाच का जास्त दिसतो तर डांबरावरचं पावसाचं पाणी कडेला उतरतं, तेवढी ओल त्याला पुरते. फळ पिकलं की पिवळं होतं, आतला गर पांढरा, वाळल्यावर स्पंजासारखा हलका.

कवंडळ वेगळं. ते झाडावर चढतं, फूल पांढरं, झालरीचं, आणि फळ पिकून लालभडक होतं. तुंबा जमिनीवर पसरतो, फूल पिवळं.

तिकडं अजून दोन वेल दिसतात, ते मात्र खातात. एक मतीरा, वाळवंटातलं कलिंगडच, फळ चांगलं मोठं आणि गोड. दुसरी काचरी, पान काकडीसारखं, फार न कापलेलं, फळ अंड्यापेक्षा लहान. काचरी वाळवून पूड करतात आणि मटण मऊ व्हायला लावतात, राजस्थानी स्वयंपाकातली ही गोष्ट मला फार आवडते.

तुंब्याचा कडूपणा येतो क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळं. गर पोटात गेला तर जोराचे जुलाब लागतात, रक्तसुद्धा पडतं. जुन्या वैद्यकात रेचक म्हणून वापरायचे, पण घरी कुणी सांगितलं म्हणून तसला प्रयोग अजिबात करू नका. आपल्याकडं सकाळी दुधीचा ज्यूस पिणारे पुष्कळ, त्यांनाही सांगतो, दुधी कडू लागला तर तोही टाकून द्या, त्यातही हीच द्रव्यं असतात. बियांचं तेल साबणाला वापरतात, आणि वाळवंटात लोक बिया धुऊन, कडूपणा काढून खातातही, पण ते पिढ्यान्‌पिढ्याचं काम आहे, आपल्याला जमायचं नाही.

परड्यात लावायचं म्हणाल तर माझं मत नको असंच. एक तर कोल्हापूरच्या पावसात मूळ कुजायचीच भीती जास्त, आणि वेल जगला तर पोरं चेंडू समजून फळं तोडणार. आणलेलं फळ उंच फडताळावर ठेवा, आणि कापून बघायचंच असलं तर हात साबणानं दोनदा धुवा, नाहीतर पुढचा घास कडूच लागणार.