वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी ऑनलाइन लिलावात काढताना

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. घरात वर्षानुवर्षं जपलेली पद्मिनी, अँबेसेडर किंवा हेराल्ड ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकायची, तर सुरुवात कुठून करायची? निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

नाशिकहून एक वाचक : १९७८ची प्रीमियर पद्मिनी वडिलांच्या नावावर आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आरसी बुकाची मुदत त्याच्याही आधी संपली होती. गाडी चालू आहे. थेट लिलावात टाकू का?

नको. बोली लागेल, पैसेही ठरतील आणि मग गाडी नावावर होणार नाही. मयत माणसाच्या नावावरची गाडी दुसऱ्याला विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर यावी लागते. त्यासाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं, म्हणजे आई आणि भावंडांचं, ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडायचं. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला म्हणून अर्ज नाकारला जाईल असं नाही, पण दंड भरण्याची तयारी ठेवा.

त्याही आधी एक काम करा. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. हाताने लिहिलेल्या आरसी बुकांच्या काळातल्या पुष्कळ गाड्यांची नोंद संगणकात नसते. नोंद नसेल तर मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. तोवर पोर्टलवर कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. एंट्री झाली की इंजिन आणि चेसिस नंबरातला प्रत्येक अंक गाडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहा. जुन्या अक्षरात ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांची गफलत सहज होते. ती आज सापडली तर एका अर्जाचं काम आहे. लिलाव झाल्यावर सापडली, तर खरेदीदाराला गाडीच संशयास्पद वाटू लागते.

चेसिस नंबरावर गंज किंवा रंगाचा थर असेल तर रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश वापरा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश त्या जागेला लावू नका आणि पुसट नंबर कुणाकडून पुन्हा ठोकून तर अजिबात घेऊ नका. नंबराशी झालेली छेडछाड कोणताही इन्स्पेक्टर एका नजरेत ओळखतो, आणि तिथून प्रकरण पोलिसांकडे जातं.

यानंतर नोंदणीचं नूतनीकरण, म्हणजे फॉर्म २५. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. उशिरासाठी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा आकार आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. मूळ फी गाडीच्या वयाप्रमाणे वाढते, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा पोर्टलवरूनच घ्या. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. दिवे, हॉर्न, वायपर आणि ब्रेक चालले पाहिजेत. चालू विमा आणि पीयूसी हवी. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. ही सगळी यातायात दोन-तीन महिने खाते. ती करूनच गाडी बोलीला काढा, कारण नूतनीकरण झालेली आरसी हातात असणं आणि ‘पेपर करून देऊ’ म्हणणं यांत खरेदीदाराच्या लेखी फार मोठा फरक आहे.

पुण्याहून : विकण्यापूर्वी पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घ्यावं का? गॅरेजवाल्याने लाखाच्या वर खर्च सांगितला आहे.

आमचं स्पष्ट मत आहे, करू नका. ऑनलाइन बोली लावणारा माणूस गाडीला हात लावू शकत नाही. ताजा चकचकीत रंग पाहून त्याच्या मनात पहिला विचार येतो तो आत काय झाकलंय याचा. जुन्या मूळ रंगाला चरे असले तरी त्याखालचा पत्रा खरा आहे हे त्याला कळतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर सगळ्या पॅनेलवर लावा. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, वरून पुन्हा मारलेला २००च्या पुढे जातो आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेल्या जागी आकडा हजारावरही पोचतो. हे आकडे फोटोसकट जाहिरातीत द्या. यंत्र नसेल तर पातळ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक पुरे. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही.

तो लाख वाचवून त्यातला थोडा भाग गाडी चालण्यावर खर्च करा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या सिलिंडरांचे रबर किट, ब्रेकचे होज, नवं ब्रेक ऑइल. रेडिएटरचे वरचे-खालचे होज आणि फॅन बेल्ट. प्लग, पॉइंट, कंडेन्सर. बॅटरी.

पेट्रोलच्या वाटेकडे वेगळं लक्ष द्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. होज फुगतात, पेट्रोल पंपाचा डायफ्राम कडक होतो किंवा फाटतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाला गंज धरतो आणि तोच पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. टाकी उतरवून धुवा, इथेनॉल सोसणारे होज घाला, नवा फिल्टर बसवा. ‘पाहायला गेलो तेव्हा चालूच झाली नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

मूळ वस्तू मात्र टाकून देऊ नका. जुने हबकॅप, जॅक, पान्यांची थैली, मॅन्युअल, पहिलं विक्रीबिल, अगदी तुटलेला मूळ रेडिओसुद्धा गाडीसोबत द्यायचा.

कोल्हापूरहून : फोटो किती आणि कसे? वर्णनात दोष लिहिले तर बोली पडणार नाही का?

दोष लपवले तर बोली पडते. अनुभवी बोली लावणारे टिप्पण्यांत नेमकं तेच विचारतात, उत्तर गोलमोल आलं की हात आखडता घेतात, आणि ते बाजूला झाल्याचं बाकीच्यांनाही दिसतं.

फोटो शंभरच्या आसपास ठेवा. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, मोकळ्या जागी, पाणी न मारता काढा. ओल्या गाडीवर रंगाचे दोष झाकले जातात आणि जाणकार ते ओळखतात. चारही बाजू, चारही कोपरे, प्रत्येक दार उघडं आणि बंद, दार-बॉनेट-डिकीच्या फटी, आतलं छत, सीटची फाटलेली शिवण, मीटरचा आकडा, काचांवरचे शिक्के, टायरवरची तारीख. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांचं टायर बदलायचंच, हे वर्णनात तुम्हीच लिहा.

सगळ्यांत महत्त्वाचे फोटो खालचे. गाडी रॅम्पवर चढवा. पद्मिनीच्या वर्गातल्या गाड्यांचा पत्रा ठरलेल्या ठिकाणी सडतो, कारण तिथे पाणी आणि चिखल साचून राहतो : पुढच्या सीटखालचा फ्लोअर, दाराखालची पट्टी, दाराचा खालचा काठ, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालची जागा, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकतात तो भाग. रबर मॅट उचलून फ्लोअर दाखवा. एखाद्या ठिकाणी पत्र्याचा तुकडा वेल्ड केला असेल तर तो जवळून दाखवा.

व्हिडिओ निदान तीन हवेत. पहिला, रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनाचा : आधी इंजिनाला हात लावून ते थंड असल्याचं दाखवा, मग चोक ओढून सेल्फ मारा आणि पुढची दोन मिनिटं धूर व आवाज न कापता ठेवा. दुसरा चालत्या गाडीतला, गिअर पडताना आणि ब्रेक लागताना. स्टीअरिंगवरच्या गिअरला ढिलेपणा असेल तर तो दिसू द्या. तिसरा गाडी पूर्ण तापल्यावर, आयडलिंगवर. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून आकडे द्या. एकमेकांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिनाबद्दलची निम्मी शंका तिथेच मिटते.

इंजिन बदललेलं असेल तर ते पहिल्या परिच्छेदात सांगा, आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंद आहे की नाही तेही. गाडी कधी टॅक्सी होती का, गॅस किट बसवलं होतं का, हेही लिहा. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली, तेव्हापासून या गाडीकडे लोकांचं लक्ष आहे. पण टॅक्सीची बॉडी आणि घरात राहिलेली बॉडी यांचं मोल एक धरता येत नाही.

मुंबईहून : राखीव किंमत किती ठेवावी?

राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली गाडी विकायची नाही तो आकडा. जाहिरातींतल्या अपेक्षित किमती पाहून तो ठरवू नका. त्या फक्त मालकांच्या इच्छा असतात. तशाच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या गाड्यांचे पूर्ण झालेले लिलाव पाहा आणि त्यातल्या मधल्या आकड्याच्या थोडं खाली राखीव किंमत धरा. खरेदीदार बोलीच्या वरचा खर्चही मोजत असतो. समजा बोली ४ लाखांवर थांबली आणि साइट खरेदीदाराकडून पाच टक्के घेते. ते झाले २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६०० रुपये, म्हणजे ४,२३,६०० रुपये. वर वाहतूक आणि नाव बदलण्याचा खर्च. तुमच्याकडूनही साइट काही घेते का, राखीव किंमत न गाठल्यास फी लागते का, खरेदीदार फिरला तर अनामत कोणाला मिळते, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

चांगल्या साइटवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो. खरी चढाओढ तिथेच होते, त्यामुळे त्या तासाला फोन हातात ठेवा आणि प्रश्नांना लगेच उत्तरं द्या. मित्राला किंवा मेहुण्याला बोली चढवायला बसवू नका. ती फसवणूक आहे, आणि गाडी त्याच्याच गळ्यात पडण्याचा संभव असतो.

पितृपक्षात संपणारी तारीख घेऊ नका. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या आधीचा रविवार, संध्याकाळची वेळ चांगली. भर पावसात ना फोटो नीट निघतात, ना गाडी कोरडी पोचते.

साताऱ्याहून : बोली बेंगळुरूच्या माणसाने जिंकली. पुढे काय? फॉर्म ३२ लागतो असं कुणी म्हणालं.

फॉर्म ३२ सरकारने किंवा सरकारतर्फे केलेल्या जाहीर लिलावासाठी आहे. खासगी साइटवरचा लिलाव ही कायद्याच्या दृष्टीने साधी विक्री. तिला फॉर्म २९ (विक्रीची खबर) आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज) लागतात, आणि गाडी परराज्यात जाणार म्हणून फॉर्म २८, म्हणजे एनओसी. तो अर्ज नोंदणीकृत मालकालाच करावा लागतो. गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. तीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्जही नोंदीत शिल्लक राहतं. विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची, परराज्यातल्या खरेदीदारासाठी ४५ दिवसांत.

हे टाळू नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देणं म्हणजे ही जोखीम अंगावर घेणं. विक्रीपत्रावर तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहा.

पैसे आरटीजीएस किंवा एनईएफटीने घ्या आणि स्वतःच्या बँक खात्यात जमा दिसल्याशिवाय चावी देऊ नका. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगणारा माणूस ठग असतो, मग त्याने लष्करी ओळखपत्र पाठवलेलं असो. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं बेकायदा आहे, दंड तेवढ्याच रकमेचा.

गाडी चालवत पाठवू नका. बंद कंटेनर किंवा फ्लॅटबेड घ्या, प्रवासाचा विमा खरेदीदाराच्या नावे असू द्या. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको, बॅटरीची वायर काढलेली असावी. पट्टे टायरवरून आवळा. अ‍ॅक्सल किंवा पाट्यांना बांधून ओढले तर वाकतात. चढवण्याआधीचे फोटो आणि सोबत दिलेल्या सुट्या वस्तूंची यादी, दोघांच्या सहीची.

मडगावहून : आमची मॉरिस मायनर १९५८ची. व्हिंटेज नोंदणी करून विकली तर जास्त मिळतील का? पोर्तुगालमधल्या नातेवाइकाचीही इच्छा आहे.

२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला ही नोंदणी मिळते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढे ५ हजार. आधीपासून नोंदणी असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहज फेरी मारणारा ग्राहक त्यामुळे दूर जाऊ शकतो. चालू साधी नोंदणी असेल तर आम्ही ती तशीच ठेवू आणि निर्णय खरेदीदारावर सोपवू. व्हिंटेज नोंदणी केलीच, तर विक्रीची खबर ९० दिवसांत द्यायची.

जुन्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर विदेश व्यापार महासंचालनालयाचे निर्बंध आहेत. तुमच्या गाडीला परवाना लागतो का, हे कस्टम्स एजंटकडून लेखी घेतल्याशिवाय परदेशी बोली मान्य करू नका.

न्यू जर्सीहून : इथे १९७४ची एमजीबी गाडी विकतो आहे. खरेदीदार कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, देतो म्हणतो.

चेक त्याच्याच बँकेच्या शाखेत, बँकेच्या वेळेत, तुमच्यासमोर काढून घ्या, नाहीतर वायर ट्रान्सफर मागा. खात्यात रक्कम दिसू लागते तेव्हा चेक वठलेलाच असतो असं नाही. बनावट चेक कित्येक दिवसांनी परत येतो आणि तोवर गाडी गेलेली असते. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, मागे सही खरेदीदाराचं नाव आणि किंमत भरूनच करा. नंबर प्लेट काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत करा, पावती मिळाल्यावरच विमा बंद करा. एवढ्या जुन्या गाडीला मीटरच्या आकड्याचं संघीय घोषणापत्र लागत नाही.

अमरावतीहून : विक्रीच्या नफ्यावर आयकर?

घरच्या वापराची गाडी आयकर कायद्यात वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावावर असून तिचा घसारा घेतलेला असेल, तर हिशेब वेगळा. तो सीएकडून लिलावाआधी करून घ्या. वर्षाला अनेक गाड्या घेऊन विकत असाल तर तो धंदा ठरतो. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचाच राहतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या.