लेथ भंगारात काढू नका, आधी विजेचं बघा

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेचं खासगी आयटीआय आहे. फिटर (यंत्रांची जोडणी-दुरुस्ती) आणि टर्नर (लेथवरचं काम) यांची एकेक तुकडी, सहा जुने लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायची यंत्रं. आता विस्तार करायचा ठरलंय. काही विश्वस्तांचं म्हणणं, फिटर बंद करा, लेथ भंगारात घाला आणि त्या जागेत सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रं) आणि संगणकाचे व्यवसाय, म्हणजे ट्रेड, आणा. सर, तुमचं मत काय?
— एक वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. मी टर्नर व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे लेथची बाजू घेणारच. पण कारण ऐका.

तुमच्यापासून शिरोली एमआयडीसी किती लांब? तिथे आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्यांमधून जे कास्टिंग (ओतीव भाग) निघतं, ते पुढे मशिनिंगला, म्हणजे मापात कापायला जातं. तुमची मुलं तिथेच कामाला लागणार. सीएनसी हवंच, त्यात वाद नाही. पण ज्या पोराने हाताने टूल ग्राइंड केलेलं नाही, त्याला मशीनचा आवाज बदलला तरी कळत नाही. टूल झिजलंय हे त्याला कळतं ते जॉब वाया गेल्यावर. फिटरचंही तेच. पहिल्या महिन्यात लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. केसाएवढी फट दिसली की पुन्हा कानस. हात आणि डोळा असा तयार होतो, पडद्यासमोर बसून नाही.

मी एका संस्थेत होतो तिथे नवीकोरी सीएनसी टर्निंग मशीन आली. आम्ही नारळ फोडला. मग लक्षात आलं, मंजूर वीजभार पुरत नाही. मशीनला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची तर ऑर्डरच दिलेली नव्हती. मशीन प्लॅस्टिकखाली उभी राहिली आणि मुलांच्या दोन बॅचेस तिला हात न लावता पास होऊन गेल्या. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

म्हणून मी असतो तर पहिल्यांदा दुसरी पाळी सुरू केली असती. त्याच लेथवर, त्याच शेडमध्ये टर्नरची आणखी 20 मुलं बसतात. वाढीव तुकडीची संलग्नता (मान्यता) घ्यावी लागेल, निदेशक लागेल, पण भिंत बांधावी लागणार नाही. निदेशक मात्र शिकवायचं प्रशिक्षण घेतलेला हवा. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथे निदेशकांसाठी 1 वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम होतो. तुमचाच एखादा हुशार माजी विद्यार्थी पाठवा. बाहेरून आणलेला माणूस कारखान्यात जास्त पगार मिळाला की निघून जातो, हे मी किती वेळा पाहिलंय.

सहापैकी ज्या लेथचा बेड (खालचा पाया) खरोखर झिजलाय, तेवढाच काढा. त्याच्या जागी एक सीएनसी बसवा, एकच. संगणकाच्या व्यवसायाला वेगळी खोली द्या. वर्कशॉपची धूळ आणि कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रव) त्याला चालत नाही.

फिटर बंद करण्याचा ठराव अजून झालेला नसेल, तर पुढच्या बैठकीआधी विश्वस्तांना शिरोलीच्या दोन-तीन शॉपमध्ये घेऊन जा. मेंटेनन्सला कोणाला घेता, हे तिथल्या फोरमनलाच विचारा. आणि वाढीव वीजभाराचा अर्ज याच आठवड्यात टाका. मशीनचं कोटेशन नंतर मागवा.