नवा संगणक हप्त्यांवर, की जुन्याच संगणकांवर विकतचे मिक्सिंग सॉफ्टवेअर?

तुमच्या पत्राचा आशय थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून तुम्ही पॉडकास्टचे आणि लहान बँडच्या ध्वनिमुद्रणांचे मिक्सिंग करता, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकचे आवाज जुळवून एकत्र करता. त्यातून होणारी सरासरी मासिक कमाई पगाराच्या पाचव्या भागाइतकी असते, पण काम कमी असलेल्या महिन्यांत ती निम्म्यावर येते. हाताशी आठ जीबी रॅमचा, सात वर्षांपूर्वी घेतलेला विंडोजचा लॅपटॉप आहे आणि लिनक्स घातलेला एक जुना डेस्कटॉप आहे. नवा मॅक हप्त्यांवर घेऊन प्रो टूल्स या मिक्सिंग सॉफ्टवेअरचे मासिक सदस्यत्व सुरू करावे, की सध्या सवलतीत मिळणारा मिक्सबस या दुसऱ्या मिक्सिंग सॉफ्टवेअरचा कायमस्वरूपी परवाना घेऊन याच दोन संगणकांवर काम चालवावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की संगणक आत्ता घेऊ नये. परवाना घेण्यास हरकत नाही, मात्र तुमचे सर्वांत जड काम चाचणी आवृत्तीवर चालवून पाहिल्याशिवाय तोही घेऊ नये.

आधी हिशेब पाहू. तुमची मिक्सिंगची एका महिन्याची सरासरी कमाई १०० एकके धरली, तर तुम्ही कळवलेल्या किमतींनुसार मॅकची किंमत ९०० एकके होते आणि २४ हप्त्यांत व्याजासह १,०३२ एकके फेडावी लागतात. सदस्यत्वाचे दरमहा १५ प्रमाणे तीन वर्षांत ५४० होतात. एकूण १,५७२. दुसऱ्या बाजूला परवान्याचे ४०, लॅपटॉपची रॅम वाढवून त्यात एसएसडी बसवण्याचे ६० आणि मधल्या काळात एखाद्या मोठ्या आवृत्तीचे अपग्रेड घ्यावे लागले तर त्याचे २० धरून १२० एकके होतात. तीन वर्षांत तुम्ही ३,६०० कमावणार असाल, तर पहिला पर्याय त्यातला जवळजवळ ४४ टक्के हिस्सा घेतो. तीन वर्षांनी संगणक एक तृतीयांश किमतीला विकला जाईल असे उदारपणे धरले, तरी हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या खाली येत नाही. दुसऱ्या पर्यायात ते साडेतीन टक्क्यांच्याही आत राहते.

या एकूण रकमेपेक्षा मला पहिल्या दोन वर्षांच्या मासिक बोजाची काळजी अधिक वाटते. हप्ता ४३ आणि सदस्यत्व १५ मिळून दरमहा ५८ एकके ठरलेली जातील, आणि मंद महिन्यातली तुमची कमाई ५० आहे. म्हणजे त्या महिन्यांत मिक्सिंगचा व्यवसाय तुमच्या पगारावर जगेल. तुमची राखीव शिल्लक जेमतेम दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. ती सहा महिन्यांपर्यंत नेणे हे तुमचे पहिले उद्दिष्ट असायला हवे, आणि अशा वेळी नवे कर्ज त्या उद्दिष्टाच्या थेट आड येते.

नव्या संगणकामुळे वेळ वाचेल, हा तुमचा मुद्दा खरा आहे. परंतु वाचलेल्या वेळाचे पैसे तेव्हाच होतात, जेव्हा तो वेळ विकत घ्यायला कोणीतरी थांबलेले असते. संगणक मंद असल्यामुळे काम नाकारावे लागले किंवा मुदत चुकली, असा एकही प्रसंग तुमच्या पत्रात नाही. तसे घडत असते, तर माझे गणित निराळे झाले असते.

संगणक अपुरा पडतो म्हणजे त्यातले नेमके काय अपुरे पडते, हेही खर्चाआधी तपासायला हवे. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचे ३२ मोनो ट्रॅक एकाच वेळी वाजवायला डिस्कवरून सेकंदाला साधारण ४.६ एमबी माहिती वाचावी लागते, आणि एवढे काम जुनी फिरती हार्ड डिस्कही करू शकते. ताण येतो तो प्लगइनमुळे, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-प्रोग्रॅममुळे, आणि तो प्रोसेसरवर येतो. त्यातही मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या मार्गावर, एकामागोमाग लावलेले प्लगइन वेगवेगळ्या कोअरमध्ये सहज वाटून देता येत नाहीत, कारण आधीच्या प्लगइनचे काम झाल्याशिवाय पुढच्याला आवाज मिळत नाही. यावरचे उपाय मात्र फुकट आहेत. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवावा लागतो तो गायक किंवा वादक हेडफोनमधून स्वतःला ऐकत असताना. निव्वळ मिक्सिंग करताना तो १,०२४ सॅम्पलपर्यंत वाढवला, तर ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब होतो आणि मिक्स करणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. पूर्ण झालेले ट्रॅक फ्रीझ किंवा रेंडर करून, म्हणजे प्लगइनच्या परिणामासह तयार फाइल बनवून, ठेवले की त्यांच्यावरच्या प्लगइनचा भार उतरतो. ९६ किलोहर्ट्झवर काम करण्याचा आग्रह सोडला, तर प्रोसेसरवरचा भार जवळपास निम्मा होतो. पॉडकास्टसाठी तो आग्रह धरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

मिक्सबसबाबत एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. हे सॉफ्टवेअर आर्डोर या मुक्त स्रोत प्रकल्पावर उभे आहे, ते विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि प्रत्येक चॅनेलवर त्याचा स्वतःचा इक्वलायझर व कॉम्प्रेसर आधीपासून असतो. त्यामुळे वेगळे प्लगइन घेण्याचा खर्च वाचतो, पण एकही प्लगइन लावला नसताना प्रोसेसरवरचा मूळ भार इतर सॉफ्टवेअरपेक्षा जास्त राहतो. तुमच्या लॅपटॉपला हे झेपते की नाही, हे कागदावर ठरवता येणार नाही. आजवरच्या कामांपैकी सर्वाधिक ट्रॅकचे काम घ्या, ते दोन्ही संगणकांवर चाचणी आवृत्तीत उघडा आणि सलग तासभर चालवा. आवाज तुटू लागला, तर रीपर या सॉफ्टवेअरचा पर्याय पाहावा. तोही तिन्ही प्रणालींवर चालतो, साध्या संगणकावर हलका पडतो आणि पूर्ण स्वरूपात ६० दिवस वापरून पाहता येतो. व्यवसायाचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास त्याचा सवलतीचा परवाना मिळतो, आणि तुम्ही त्या मर्यादेत बसता की नाही हे त्याच्या अटींवरून सहज पडताळता येईल.

दोन प्रणालींवर काम करण्याचा छुपा खर्च प्लगइनमध्ये असतो. आयलॉक या परवाना तपासणाऱ्या यंत्रणेच्या संरक्षणावर चालणारे प्लगइन लिनक्सवर अधिकृतपणे चालत नाहीत, आणि इतर अनेक व्यावसायिक प्लगइनच्या लिनक्स आवृत्त्याच नाहीत. तुम्ही विकत घेतलेल्या प्लगइनपैकी डेस्कटॉपवर किती चालतील, हे पाहिल्याशिवाय 'एका परवान्यात दोन संगणक' हा फायदा पूर्ण धरू नका. लॅपटॉपबाबतही एक तपासणी बाकी आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व ठरावीक प्रोसेसर लागतो. लॅपटॉप त्या अटींत बसत नसेल, तर उद्या त्यावरही लिनक्स घालण्याची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा तिन्ही प्रणालींवर चालणारा परवाना हाच तुमचा आधार ठरेल. प्रो टूल्स लिनक्सवर चालतच नाही.

'कायमस्वरूपी' या शब्दावर मात्र गरजेपेक्षा जास्त विसंबू नका. केकवॉक कंपनीने २०१६ मध्ये सोनार प्लॅटिनम या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना आजीवन अपडेट देऊ केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिची मालक कंपनी गिब्सनने त्या उत्पादनांचा विकासच थांबवला, आणि २०१८ मध्ये बँडलॅबने ती मालमत्ता घेतल्यावर ते सॉफ्टवेअर विनामूल्य मिळू लागले. मार्च २०२३ मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने कायमस्वरूपी परवाने बंद करून केवळ सदस्यत्वावर जाण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांच्या रोषापुढे काही दिवसांतच निर्णय फिरवला. सॉफ्टवेअर तेच राहिले, तरी खालची प्रणाली बदलू शकते. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालेनासे झाले. म्हणून या परवान्याकडे मालमत्ता म्हणून न पाहता चार-पाच वर्षांत फिटणारा खर्च म्हणून पाहावे, आणि प्रत्येक पूर्ण कामाचे स्टेम, म्हणजे वाद्यगटांचे वेगवेगळे तयार ट्रॅक, साध्या वेव्ह फाइलमध्ये जपावेत. सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ आलीच, तर ही सवय खर्च फार वाढू देत नाही.

मॅकचा विचार कायमचा सोडा, असे मी म्हणत नाही. मिक्सिंगच्या कमाईतून दरमहा २५ एकके वेगळ्या खात्यात टाकली, तर दीड वर्षात ४५० जमतात, म्हणजे आजच्या किमतीचा अर्धा भाग कर्जाशिवाय तयार होतो. मंद महिन्यात १० टाकली तरी चालेल. हप्त्याला अशी सूट कोणी देत नाही. दरम्यान एखाद्या ग्राहकाने प्रो टूल्सचे सेशनच, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधली कामाची फाइल, मागितले, तर त्या एका महिन्यापुरते सदस्यत्व लॅपटॉपसाठी घ्यावे आणि ते पंधरा एककांचे शुल्क त्या कामाच्या बिलात धरावे. अशी मागणी वर्षातून चार-पाच वेळा येऊ लागली, राखीव शिल्लक सहा महिन्यांची झाली आणि फ्रीझ-रेंडर करूनही कामे मुदतीत बसेनाशी झाली, तर अर्धी रक्कम रोख भरून मॅक घ्यायला माझी काहीच हरकत राहणार नाही.

राहिला सवलतीचा प्रश्न, जी या आठवड्यात संपत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मूळ किंमत ६० आणि सवलतीची ४०, म्हणजे तुमचे जास्तीत जास्त नुकसान २० एककांचे आहे. मुदतीच्या आत दोन्ही संगणकांवर चाचणी झाली तर परवाना जरूर घ्या. झाली नाही, तर ते २० जाऊ द्या.