बी.एड. की संशोधन?

वरूड तालुक्यातले एक संत्रा बागायतदार लिहितात : "मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एका विकराबद्दल (एन्झाइमबद्दल) ऐकलं आणि आता त्यातच संशोधन करायचं म्हणते. आम्ही म्हणतो बी.एड. कर, सोबत स्थळंही पाहू. त्या विकरात काही भविष्य आहे का?"

नमस्कार भाऊ,

मुलीने लिहून दिलेलं ते नाव, फ्लॅव्होनॉइड थ्री प्राइम हायड्रॉक्सिलेज, वाचून घाबरू नका. ते विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, तुमच्याच बागेत काम करतं. संत्र्याच्या झाडात नॅरिंजेनिन नावाचं फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांचा एक प्रकार) तयार होतं. हे विकर ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू त्यावर नेमक्या जागी बसवतं, दुसऱ्या अणूचं पाणी होतं. पुढच्या काही पायऱ्यांनंतर बनतं हेस्पेरिडिन. आपण फेकून देतो त्या सालीत ते भरपूर असतं आणि मूळव्याधीच्या गोळ्यांत वापरतात. कपाशीचं पांढरट फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं ना? त्या रंगामागेही हेच विकर आहे.

आता पोटापाण्याचं. एका विकरावर नोकरी मिळत नाही, हे मुलीलाही स्पष्ट सांगा. नोकरी मिळते ती त्याच्या अभ्यासात हात बसतो त्यावर : प्रथिन वेगळं काढणं, जनुक क्लोन करणं (त्याच्या प्रती तयार करणं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवणं. औषध आणि बियाणे कंपन्यांना अशी माणसं लागतात.

बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करू द्या. तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा द्यायच्या, तयारी आतापासून. पुढे नेट-जेआरएफ (संशोधन फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा) निघाली तर महिना 37,000 रुपये फेलोशिप मिळते, म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही. मात्र वाट लांब आहे. पीएच.डी.लाच पाचेक वर्षं जातात, आणि कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटू शकते.

म्हणून आधी चव घेऊ द्या. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. सरांचं पत्र जोडून तिने स्वतः तिथल्या शास्त्रज्ञांना मेल करावा आणि उन्हाळ्यात महिनाभर प्रयोगशाळेत काम मागावं. दिवसभर नळ्या धुऊन, फसलेला प्रयोग पुन्हा लावूनही तिला दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर अडवू नका.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. स्थळांचं मात्र तिला विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका. निदान एम.एस्सी.चा प्रवेश होईस्तोवर थांबा.