तुझे तीन आकडे चुकलेले नाहीत

प्रश्न : मॅडम, मी कराडजवळच्या एका कॉलेजात डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला एकाच नमुन्याच्या पांढऱ्या पेशी मी न्यूबावर चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायला घरं आखलेल्या काचेवर, मायक्रोस्कोपखाली तीनदा मोजल्या. घनमिलिमीटरला ६,२००, ७,४०० आणि ५,९०० असे आकडे आले. माझ्या मैत्रिणीचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच होते. मला वाटतं, माझा हातच या कामाचा नाही. दुपारी मी ज्या लॅबमध्ये शिकायला जाते, तिथलं मशीन मिनिटभरात सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींची मोजणी, देतं. मग हे डोळे फोडून मोजणं कशाला शिकायचं? घरचे म्हणतात, सोडून दे आणि कॉम्प्युटरचा कोर्स कर. काय करू?

उत्तर : सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी तुझे आकडे घेऊन बसू, कारण तुझ्या मनातली सगळी खंत तिथूनच सुरू झालेली दिसते.

पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीसपट पातळ करायचं, चार कोपऱ्यांतली मोठी घरं मोजायची आणि बेरजेला ५०ने गुणायचं, हे तुला पाठ असेल. म्हणजे तू प्रत्यक्षात १२४, १४८ आणि ११८ पेशी मोजल्यास. सरासरी १३०. आता हे बघ : द्रवात पेशी विखुरतात त्या नशिबाने विखुरतात. प्रत्येक वेळी चेंबरमध्ये तेवढ्याच येतील असं नसतं. किती फरक पडेल याचा अंदाज मोजलेल्या पेशींच्या वर्गमुळावरून येतो. १३०चं वर्गमूळ साडेअकराच्या जवळ. त्याच्या दुपटीएवढा, म्हणजे २३ पेशींचा फरक वर किंवा खाली, हा अगदी साधा समजायचा. १०७ ते १५३, म्हणजे ५,३५० ते ७,६५०. तुझे तिन्ही आकडे त्यातच बसतात. जे दिसलं तेच तू लिहिलंस.

मैत्रिणीबद्दल मी काही म्हणणार नाही, तिला मी पाहिलेलं नाही. पण एवढ्याच पेशी मोजून तिन्ही वेळा सारखा आकडा एखाद्या वेळी येतो, नेहमी येत नाही. पहिला आकडा मनात धरून पुढचे दोन त्याच्याजवळ नेऊन ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. समुपदेशनात येण्याआधी मी नऊ वर्षं लॅबमध्ये होते आणि सुरुवातीला मीही तेच केलं आहे. ती सवय तुला लागली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

हात मात्र सुधारता येतो. २० मायक्रोलिटर रक्त ३८० मायक्रोलिटर टर्क्स फ्लुइडमध्ये (रक्त पातळ करायच्या द्रवात) सोडण्याआधी टिपच्या बाहेरचं रक्त पुसतेस का? चेंबरवरची पातळ काच, कव्हरस्लिप, नीट बसली की कडेला इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. ती दिसली नाहीत तर खालची ०.१ मिलिमीटरची खोली बरोबर नाही आणि पुढचा सगळा हिशेब फुकट. द्रव खाचेत सांडला तर पुसत बसू नकोस, चेंबर धुऊन पुन्हा भर. पेशी खाली बसायला दोन-तीन मिनिटं दे, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) खाली घे, उजेड कमी कर. डाव्या आणि वरच्या रेषेवरच्या पेशी धरायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. चार घरांचे आकडे वेगवेगळे लिही. एकात २० आणि दुसऱ्यात ४५ असतील, तर मोजणी नव्हे, भरणंच बिघडलंय.

आता मशीन. ते हजारो पेशी मोजतं, म्हणून रोजच्या सीबीसीत त्याचा आकडा तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त भरवशाचा. त्याच्याशी स्पर्धा करायची नाहीच. पण ते कुठे अडतं, हे तुला कळलं पाहिजे.

एका रात्रपाळीत ताप आणि मान ताठ झालेल्या लहान मुलाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी आलं. नळीत ते स्वच्छ दिसत होतं. मोठ्या माणसाच्या या पाण्यात घनमिलिमीटरला पाचपर्यंत पांढऱ्या पेशी असणं ठीक, लहान मुलांत थोड्या अधिक. साध्या थ्री-पार्ट काउंटरवर, म्हणजे छोट्या लॅबमधल्या सीबीसी मशीनवर, रक्ताशिवाय नुसतं डायल्युअंट (पातळ करायचा द्रव) चालवलं आणि पांढऱ्या पेशी शंभर-दोनशे दाखवल्या, तरी तेवढं चालवून घेतात. मग तिथे पाच आणि शंभर यांतला फरक तो कसा सांगणार? मोठ्या यंत्रांत आता अशा द्रवांसाठी वेगळी सोय असते, तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा नसते. थांबायलाही वेळ नव्हता, त्या पाण्यातल्या पेशी तासाभरात विरायला लागतात. मी चेंबर भरलं, नऊही घरं मोजली. शंभराच्या आसपास पेशी होत्या. मी फोन केला आणि डॉक्टरांनी त्याच रात्री औषध सुरू केलं.

डेंग्यूच्या दिवसांत दुसरं बघशील. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीनला ते गठ्ठे कळत नाहीत आणि आकडा घाबरवण्याइतका खाली येतो. तेव्हा स्लाइड करून गठ्ठे ओळखणारी आणि सायट्रेट या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळीत पुन्हा रक्त मागवणारी टेक्निशियन लागते. आकड्यावर शंका घ्यायची ही सवय चेंबरवर बसूनच लागते, असं माझं ठाम मत आहे.

हीच मोजणी पुढे बऱ्याच ठिकाणी लागते. वंध्यत्व केंद्रांत शुक्राणू मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका सुधारित न्यूबावर चेंबरच सुचवते. पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून जिवंत-मेलेल्या पेशी याच घरांत मोजतात.

सुरुवातीचा पगार कमी असतो, हे तुझ्या घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून डिप्लोमावर थांबू नकोस, पदवीचा विचार आत्तापासून कर. २०२१च्या केंद्रीय कायद्यानंतर या क्षेत्राचे अभ्यासक्रम आणि नोंदणी यांचे नियम बदलत आहेत. पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी त्याला मान्यता आहे का, हे परावैद्यक परिषदेकडे स्वतः विचारून घे. कॉलेजच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

आणि सोडायचं की नाही, ते आकड्यांवरून ठरवू नकोस. मायक्रोस्कोपवर अर्धा तास बसल्यावर तुला कंटाळा येतो की वेळ कळत नाही, हे मला तुझ्या पत्रातून समजलं नाही. खरंच कंटाळा येत असेल तर कॉम्प्युटरचा कोर्स कर, त्यात कमीपणा नाही. तसं नसेल तर पुढच्या प्रॅक्टिकलला चेंबरच्या दोन्ही बाजू भर, आठही घरांचे आकडे वेगवेगळे लिही आणि मला पाठव.