बारावी सायन्सनंतर न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी करावं का?

लातूरला नीट रिपीट करूनही मार्क कमी पडले, आता हा कोर्स कसा राहील, असं विचारलंय तुम्ही. चांगला आहे. फक्त एक्स-रेसारखंच काम समजून जाऊ नका. तिथं किरण मशीनमधून येतात. इथं पेशंटलाच किरणोत्सारी औषध टोचायचं आणि कॅमेऱ्याने ते टिपायचं. सगळी कसरत घड्याळाशी. टेक्नेशियम-९९एम हे नेहमी लागणारं किरणोत्सारी द्रव्य ६ तासांत निम्मं होतं, पेट (PET) स्कॅनचं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत. डोसची गाडी अडकली की बीडहून पहाटेच्या एसटीने उपाशी आलेला पेशंट ताटकळतो, आणि त्याला समजवायचं आपणच.

प्रवेशाआधी कोर्सला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मान्यता आहे का, तेवढं बघाच. नसेल तर डिग्री भिंतीवर लावायला. पुढे शिकायचं तर परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे.

घरचे ‘किरणांत काम करून लेकरंबाळं होतील का’ म्हणतीलच, माझी आजीही म्हणाली होती. छातीवरचा टीएलडी बॅज आपल्या अंगावर किती किरण पडले, तो डोस मोजत असतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे त्या डोसचं माप). नोकरी मात्र मराठवाड्यातच हवी म्हणाल तर जागा मोजक्या. पुणे, मुंबई, हैदराबादची तयारी ठेवा.